लॅगचा कायमचा बंदोबस्त

३ जुलै, शुक्रवार
आज बेकरीसमोर लमीस भेटली. काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. ती म्हणाली, "बोल की मुतझ." मी घसा साफ केला, तेवढ्यात तिचा भाऊ नाइफ पोळ्या घेऊन आला आणि दोघं निघाली. जाता जाता म्हणाली, "तू बोलेपर्यंत समोरच्याचे केस पिकतात."
विचार केला. दोष माझा नाही. हा टर्बो लॅग आहे. माझ्या गाडीलाही हेच दुखणं. पाय दाबला की टर्बो आधी जागा होणार, आळस देणार, मग जोर येणार. तोवर वळण संपलेलं.
निश्चय : गाडीला अँटी-लॅग बसवायचं. ३१ तारखेची डोंगरचढणीची शर्यत जिंकायची. करंडक घेऊन थेट तिच्या वडिलांसमोर, अबू नाइफकाकांसमोर उभं राहायचं आणि लमीसला मागणी घालायची.

५ जुलै
सुभीमामाच्या गॅरेजात. मामाला नीट समजावलं : अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी थोडी हवा आणि पेट्रोल जाऊ द्यायचं, ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची. म्हणजे भडका सिलिंडरात न होता पुढे एक्झॉस्टमध्ये होतो आणि टर्बोचं चाक फिरतं ठेवतो. पाय पुन्हा दाबला की जोर हजर!
मामा म्हणाला, "म्हणजे चूल सोडून धुराड्यात स्वयंपाक." वर विचारलं, हे कॉलेजात शिकवलं, की कॉलेज सोडल्यावर सुचलं?
या घरात तंत्रज्ञानाची कदर नाही.

११ जुलै, संध्याकाळ
पहिली चाचणी. यशस्वी! धाड-धाड-धाड! एक्झॉस्टमधून हातभर ज्वाळा. शेजारच्या उम्म हाशिममावशी दारात येऊन जिभेनं शुभकार्याचं 'लूलूलू' करायला लागल्या. "कुणाचं ठरलं गं बाई? गोळ्या कोण झाडतंय?" गाडी आहे म्हटल्यावर मलाच शिव्या. बंदुकीचा बार उडाला की सोयरीक जुळली, एवढंच यांना माहीत.
मामा : "गाडी जागेवर, आवाज गावभर. अगदी तुझ्यावर गेलीय."
दुर्लक्ष केलं.

१६ जुलै
एक्झॉस्टचा पाइप लालभडक. टर्बोला तडा. मामा म्हणतो, निखारे खाऊ घातलेस, आता ढेकर कसला मागतोस? शर्यतवाले टर्बो बदलत राहतात, ते त्यांना परवडतं. भंगारातून दुसरा आणला. अँटी-लॅग चालू-बंद करायच्या बटणाची वायर मीच जोडली. मामाला हात लावू दिला नाही.

२१ जुलै
लमीसचा फोन आला! नेमकी गाडी कडाडत होती. "शुक्रवारी... त्याआधी ये..." एवढंच ऐकू आलं. मी ओरडून सांगितलं, "या शुक्रवारी नाही, शर्यत पुढच्या शुक्रवारी!" तिनं फोन ठेवला. भारावली असणार.

२४ जुलै, शुक्रवार
दुपारी न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना कळलं : दातांचे डॉक्टर रकान यांच्याकडची वडीलमंडळी लमीसला मागणी घालायला गेलीत. आज!
फेस पुसला आणि सुटलो. चढणीवर गाडी अशी पळाली की बस. लॅग नावालाही नाही. तिच्या घरापाशी पोहोचलो, तर गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या आडव्या. पाय उचलावा लागला.
धाड! धाड! धाड-धाड!
बटण बंद केलं. बंद होईना. (वायर निकृष्ट दर्जाची असणार.)
आत नेमकं काय चाललं होतं ते आता सगळं गाव सांगतंय. मागणी घालून झाली होती. अबू नाइफकाका अजून विचारातच. होकार मिळाल्याशिवाय पाहुणे कॉफीला तोंड लावत नाहीत, म्हणून पेला पाहुण्यांचे म्होरके शेखसाहेब यांच्यापुढे तसाच निवत होता. बाहेर बार उडाले. शेखसाहेबांना वाटलं, मुलीकडच्या पोरांनी होकाराच्या गोळ्या झाडल्या. "अल्लाह बरकत देवो!" म्हणाले आणि कॉफी घटाघट पिऊन टाकली. शेजारणी 'लूलूलू' करत आत घुसल्या. उम्म हाशिममावशी सर्वांत पुढे. कुनाफ्याच्या मिठाईचं ताट फिरलं. एकदा कॉफी प्यायल्यावर नाही कोण म्हणणार?
मी दारात पोहोचलो, तेव्हा कुणीतरी माझ्याही तोंडात कुनाफा कोंबला. बोलता आलं नाही.

२६ जुलै
नाइफ गॅरेजात आला. म्हणाला, "गड्या, मजाच झाली. बाबा 'विचार करून सांगतो' म्हणणार होते. लमीसनंच गळ घातली होती, थोडं थांबा, आणखी एकजण विचारायला येणार आहे. कोण होता देव जाणे. आलाच नाही बावळट."
मामा पाना पुसत राहिला. मग तोच पाना पुन्हा पुसला.
नाइफचं काम वेगळंच होतं. वरातीत गोळीबार करायला बाबा नको म्हणतात, कुणाला लागलं तर काय! त्यापेक्षा तुझी गाडी नवरीच्या गाडीपुढे ठेवशील का?
मी लगेच हो म्हणालो. त्याचं वाक्य संपायच्या आत.
लॅग अजिबात झाला नाही.