आईची शिलाई मशीन आणि शनिवारचं तिकीट

३ फेब्रु., सोम.
आईनं निपाणीच्या बसचं तिकीट काढलं, मला न विचारता. १५ तारीख, शनिवार. बाबा गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते, ऑपरेशनसाठी इथं माझ्याकडे आणली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मशीनचं पायडल मारता येत नाही, आणि हात रिकामे असले की तिला घर खायला उठतं. "हितं बसून काय करू? बाल्कनीतल्या कुंड्या मोजू काय?" वाईट वाटलं. इथल्या मशीनला मोटर बसवून बघतो, मग राहील कदाचित.

५, बुध.
बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून कसाबसा इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात. जुनी २४ व्होल्टची मोटर मिळाली. दुकानदार अण्णा कानडीत म्हणाला, स्वल्प, म्हणजे थोडा, आवाज करेल.

८, शनि.
बसवली. आई सावकाश शिवते, म्हणून व्होल्टेज कमी केलं. शेजारच्या शारदाक्काची जीन्स आखूड करायला घेतली, तर जाड शिवणीवर सुई ठप्प. व्होल्टेज कमी, जोरही कमी. ऑफिसात वर्षानुवर्षं मोटर कंट्रोलरच करतोय, आणि घरी शेंबड्या पोरानंही करू नये ती चूक. आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

९, रवि.
आता पीडब्ल्यूएम. मोटरला पूर्ण २४ व्होल्टच, पण तुकड्यांत: क्षणभर चालू, क्षणभर बंद, सेकंदाला हजार वेळा. चालूचा वाटा वाढवला की वेग वाढतो. आईला समजवायला गेलो.
"पायडल काय वेगळं असतंय? दाबायचं, सोडायचं. मधी चाक आपलं आपण फिरतंय."
चार वर्षं इंजिनिअरिंग करून मी... असो. सुई जीन्समधून गेली. पण मोटर शिट्टी मारते, आईनं बंदच केली. ती कानानं शिवते. दोरा अडकणार हे तिला आधी ऐकू येतं.

११, मंगळ.
हजाराचे वीस हजार केले. शिट्टी आता कानाला कळतच नाही, उरली मशीनची टकटक. आई पायाखालच्या स्विचवर डावं पाऊल नुसतं टेकवते. शारदाक्का आणखी दोन पँटी ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात दिल्या तरी सरी, म्हणजे चालेल, म्हणाली. मनात म्हटलं, जिंकलो.

१३, गुरु.
दोन्ही पँटी झाल्या. तिकीट परवाचं. चहा घेताना मोटरवर हात ठेवून म्हणाली, "हे सुटं करून पिशवीत बसंल काय रे? निपाणीतल्या मशीनला चालंल?"
चालेल. उत्तम चालेल.
उद्या बघून सांगतो म्हणालो.