एकाहत्तरावा मणी

॥ श्री ॥

मिती माघ वद्य पंचमी, शके १८५६
मुक्काम मळा

राजमान्य राजश्री व्याही नारायणराव यांस निवृत्तीचा हात जोडून रामराम.

इकडे घरात सगळे धडधाकट आहेत. कपाशीची शेवटची वेचणी उरकली, गहू पिवळा पडू लागला. गीता, आपली सून आणि माझी लेक, पौषापासून इथेच आहे. प्रकृतीने बरी आहे, बोलते कमी. आपल्याकडची खुशाली विचारायला लेखणी धजत नाही. धाकटे बंधू शालिग्रामराव अकोल्याच्या तुरुंगात, आणि आपण रोज बॅरिस्टरच्या ओसरीवर.

आपला निरोप काल आपल्या गड्याने, शेषरावाने, आणला. "सोमवारी अकोल्याच्या सेशन कोर्टात साक्ष आहे. मलकापूरला सांगितलं तेच सांगा. दुसऱ्या दिवशी सुनेला न्यायला बैलांची दमणी पाठवतो." शेषराव निरोप सांगून निघाला नाही. बैलांना पाणी पाजलं, बिडी ओढली आणि जाताना म्हणाला, "काय कळवू?" मी म्हणालो, लिहून कळवतो.

आपल्या गावाची आणि आमच्या गावाची शीव एकच. चालत आलो असतो तर घटकाभरात आपल्या बैठकीत असतो. पण समोर बसलो की माझी मान आपोआप खाली जाते. मुलीच्या बापाची मान. अकरा वर्षं ती तशीच आहे. कागदासमोर ती जरा वर येते, म्हणून हा कागद.

आधी राग लिहितो. तो बाहेर पडल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

परवा मोताळ्याच्या बाजारात मीठ घ्यायला गेलो. चहाच्या दुकानासमोर आपल्याच खटल्याची सेशन भरली होती. कारभारी शिंप्याने मशीन थांबवलं आणि म्हणाला, "कुऱ्हाड घेऊन आला तं त्याले काय ओवाळाचं होतं? मी असतो तं दोन बार घातले असते."

"तू? सुई टोचली तं गल्लीभर बोंबलतं बे तू," चहावाला म्हणाला. "पन कायदा सांगते, जिवाले धोका असन तरच. नाही तं तीनशे दोन. तीनशे दोन नसन तं तीनशे चार हायेच."

"दोनात आन चारात फरक काय?"

"एकात फाशी, एकात चक्की पिसाची."

सगळे हसले. तीन महिन्यांपूर्वी यांच्यापैकी एकालाही कलम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आता पानाला चुना लावता लावता आत्मसंरक्षण आणि सदोष मनुष्यवध करतात. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मग कारभारीच अदबीने म्हणाला, "मामा, तुमी तं जवळच होते. किती बार झाले?"

"कोर्टात सांगतलं मी."

"हाव. कोर्टात तं सांगतलंच तुमी," तो म्हणाला, आणि मान घालून मशीन चालवू लागला.

उमरावतीहून वर्तमानपत्र येतं, त्यातही दोन रकाने भरून वाद चालला आहे. एक गृहस्थ विचारतात, शेतकऱ्याने आपल्या पिकाचं आणि जिवाचं रक्षण करायचं नाही तर काय करायचं? दुसरे म्हणतात, बंदुकीचे परवाने सरकारने काढून घ्यावेत. दोघांनीही विद्वत्ता पाजळली आहे, आणि दोघांनीही मेलेल्या कडूबाला 'सदर इसम' म्हटलं आहे. चार महिन्यांखाली माझ्या विहिरीवर पाणी पिताना हा सदर इसम म्हणाला होता, "मामा, रस्ता मिटला तं माही कपाशी काय पाखरं नेतीन घरी?" त्याचं शेत आपल्या शेतामागे. त्याच्या बापाची गाडी आपल्या धुऱ्यावरच्या, बांधाच्या वाटेने जात होती, आज्याची जात होती. शालिग्रामरावांनी बाभळीची काटी टाकून ती वाट बंद केली आणि मार्गशीर्षातल्या त्या सकाळी कडूबा ती काटी तोडायला आला. हा रस्ता एकाही रकान्यात नाही.

कुऱ्हाड त्याच्या हातात होती. मी ते नाकारत नाही. काटी तोडायला कोणी झांज घेऊन येत नाही.

आपले बॅरिस्टर म्हणतात, कडूबा कुऱ्हाड उगारून धावून आला, पिकं राखायची बंदूक डुकरासाठी भरलेलीच होती, जीव वाचवायला शालिग्रामरावांनी एक बार टाकला आणि तो लागला. एक बार. सगळा खटला त्या 'एक'वर उभा आहे. आपल्या वावरात वेचणीला असलेल्या बाया एकच म्हणाल्या. त्यांना उद्याही आपल्याच वावरात वेचायचं आहे, त्यांना मी दोष देत नाही. आणि मलकापूरच्या कोर्टात, गळ्यात तुळशीची माळ घालून, देवाची शपथ घेऊन, मीही म्हणालो, एक.

लिहून टाकलं. हे तर आपल्याला ठाऊकच आहे.

आपण जाणता, आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार पोकळ असतो. दारू आणि चिंधीचा बोळा, छर्रे नाहीत. आवाजाने हरिण पळतं, काम भागतं. छर्रे घालायचे ते मागाहून, जनावर हटलंच नाही तर. हे पोरासोरांना ठाऊक आहे, आपल्याला आहे, कडूबालाही होतं. बॅरिस्टरला नसेल, तो नागपूरचा.

मागच्या आठवड्यात मी इंद्रभानकडे गेलो. आमच्या गावात परवान्याची बंदूक त्याच्याकडे आहे. म्हणालो, माझ्यासमोर एकदा भरून दाखव. त्याने दारू ओतली, बोळा घातला, गजाने ठासला, छर्रे सोडले, पुन्हा बोळा, पुन्हा गज, वर दारू पेटवणारी टोपी बसवली. मी शेजारी बसून माळ ओढत होतो. त्याचा हात सराईत, तरी बासष्ट मणी झाले.

"एवढा वेळ लागते?" मी म्हणालो.

"मामा, डुक्कर काय आपल्यासाठी थांबते? तोवर ते मलकापूरले जाऊन गाडीत बसते."

"आन अंगावर मानूस धावून येत असन तं?"

तो हसत होता. मग त्याचं हसू राहून गेलं. बंदूक खाली ठेवून म्हणाला, "मानूस धावून आला तं भरता येत नाही, मामा. थांबला असन तरच भरता येते."

परत येताना बांधावर मनकर्णाबाई भेटली. कडूबाची बायको. दुसऱ्याच्या वावरात बोंडं वेचत होती. मी वाट बदलणार होतो, तिने हाक मारली. म्हणाली, "दादा, फौजदारानं इचारलं का जवळपास कोन होतं, तं मीच तुमचं नाव देल्लं. म्हनलं, निवृत्तीदादा माळकरी मानूस हाय, त्याच्या तोंडून खोटं येनार नाही." एवढंच बोलली. शिवी दिली नाही, रडली नाही. पुन्हा वेचू लागली. तिने दगड मारला असता तर बरं वाटलं असतं.

आता गीताचं सांगतो. आपण तिला पौषात माहेरी धाडलं तेव्हा शेषराव म्हणाला होता, साक्ष झाली की नेऊ. मलकापूरची साक्ष झाली, तर म्हणाला, सेशनची झाली की नेऊ. नारायणराव, आपण कोंडलेली गुरं सोडायला तरी एवढी अट घालता का? पहिल्या दिवाळीला जावई रुसला, मी हात जोडले. लग्नात मानाचा फेटा कमी पडला म्हणून आपण ताटावरून उठलात, मी पायावर डोकं ठेवलं. तेव्हा माझ्या मानाचा प्रश्न होता, मी गिळला. आता आपण माझ्या लेकीची गहाणवट करून माझी जीभ मागता!

हे मी तिच्यासमोरच बोललो, संतापाने. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, तुमी कोर्टात एक म्हनले, ते माह्यासाठी?"

मी म्हणालो, हो.

"मंग माह्यासाठी नका म्हनू. मले नेलं नाही तं मी हातपाय हालवून खाईन. पन एक सांगा. तुमी माळ ओढता तं माह्या मन्यापाशी बोट काऊन अडते तुमचं?"

तिचा मणी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला हवं. गीता चार वर्षांची असताना तिने माझी जपमाळ तोडली. सगळे मणी सापडले, एक नाही. त्या जागी मी चंदनाचा मणी ओवला. मेरूपासून तो एकाहत्तरावा. डोळे मिटले तरी बोटाला कळतो.

मी उठून विहिरीवर गेलो. तिचं उत्तर आपल्याला लिहितो, कारण लेकीला सांगायची लाज वाटते आणि आपल्यापुढे ती आज मला वाटत नाही.

त्या सकाळी मी माझ्या मळ्यातल्या देवळीपुढे जपाला बसलो होतो. पहिली माळ संपवून मेरू फिरवला, दुसरीचा पहिला मणी धरला आणि बार झाला. पोकळ. आवाजावरूनच कळला. पाखरं उठली. मग कडूबाचं हसणं ऐकू आलं आणि त्याचा आवाज, "पोकळ बार काहाडतं काऊन बे, शालिग्राम? मी काय हरिन हाओ?"

त्याला वाटलं, संपलं. पोकळ बार झाला की आपल्या भागात भांडण संपतं, माणसं शिव्या देत घरी जातात. त्याने पाय हलवला नाही तो त्यामुळे. कुऱ्हाडीचे घाव काटीवर पडू लागले. आणि मग मला गजाचा आवाज आला. नळीत बोळा ठासताना येतो तसा, खर्र, खर्र. मी ओळखला. शालिग्रामरावांचा राग मी अकरा वर्षं पाहिला आहे, तोही ओळखला. हाकेच्या अंतरावर होतो मी, नारायणराव. एक हाक मारली असती, "शालिग्रामराव, थांबा," तर मुलीच्या बापाची का होईना, हाक होती. कदाचित हात थांबला असता. कडूबाला ओरडलो असतो तर तो तरी पळाला असता.

पण माळ सुरू होती. माळ अर्धी टाकून उठू नये, जप मोडून बोलू नये, असं वडिलांनी शिकवलं होतं. मी डोळे घट्ट मिटले आणि भराभर मणी ओढू लागलो. चंदनाच्या मण्यावर बोट होतं तेव्हा दुसरा बार झाला.

आणि खाली आपल्या वावरातून किंचाळी ऐकू येत असताना उरलेले सदतीस मणीही मी पुरे केले. माळ कपाळाला लावली. मग उठलो. मी पोचलो तेव्हा कडूबा बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

आता कळलं असेल मी 'एक' का म्हणालो. बार एकच म्हटला की मधली वेळ उरत नाही. मग मी त्या वेळात काय करत होतो, हे कोणी विचारत नाही. लोकांना वाटलं, बिचारा लेकीसाठी खोटं बोलला. आपल्याला वाटलं, व्याही दबला. मीही तसंच वाटू दिलं. लेकीच्या पदराआड लपलो. आपण तिची गहाणवट केलीत, मीही केली.

बाजारातल्या लोकांवर मी चिडलो, रकानेवाल्यांवर चिडलो, आपल्यावर तर चिडलो आहेच आणि तो राग जाणार नाही. पण यांच्यापैकी कोणी तो गज ऐकला नव्हता. मी ऐकला होता.

सोमवारी मी दोन सांगणार. कडूबा हसला तेही सांगणार, त्याचे शब्द सांगणार, कुऱ्हाड हातात होती हेही सांगणार. त्यातलं काही शालिग्रामरावांच्या कामी आलं तर येवो. त्यांना फासावर चढलेलं पाहायची मला हौस नाही. तो खून की मनुष्यवध, ते न्यायाधीश ठरवतील. जीव वाचवायला टाकलेला तो बार नव्हता, एवढं मी सांगू शकतो. बॅरिस्टर विचारतील, तेव्हा खोटं बोललात की आता? मी म्हणेन, तेव्हा. खोट्या साक्षीबद्दल मला धरतील तर धरोत. चक्की पिसताना जप करता येतो.

दमणी पाठवू नका. गीता माझ्याबरोबर मलकापूरहून गाडीने अकोल्याला येते आहे. साक्ष झाली की ती आपल्या पायाने आपल्या दारात येईल. ते तिचं घर आहे. कडी काढायची की नाही, ते आपण आणि जावई ठरवा. नाही काढली तर तिथे उभं राहून ती रडणार नाही, एवढं मी तिला ओळखतो.

माळ बरोबर आणतो आहे. दोन बारांमध्ये किती वेळ होता असं विचारलं तर घटका-पळं मला सांगता येणार नाहीत. मी पहिला मणी धरीन आणि चंदनाच्या मण्यापर्यंत एकेक ओढून दाखवीन. आपण कोर्टात असालच. तेवढा वेळ तिथे बसून राहा, नारायणराव. उठू नका. मीही उठलो नव्हतो.

अकरा वर्षं पत्राखाली 'आपला आज्ञांकित व्याही' लिहीत आलो. आज लिहिता येत नाही.

कडूबाचा साक्षीदार,
निवृत्ती