तिच्या दाराचा भुसा

सोमवार
देवाच्या कृपेने आज स्वतःच्या घरात पाऊल टाकलं. उशिरा का होईना, संसार मिळाला. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती वाया कशाला घालवायची, म्हणून रोजनिशी तिथेच लिहिते आहे.

घर लहान, पण उजेड भरपूर. भिंती धड आहेत, दारं तेवढी सगळी आजारी. पुढच्या दाराला उभी भेग, स्वयंपाकघराच्या दाराला किड्याने पाडलेली भोकं, न्हाणीघराचं खालून कुजलेलं. आतल्या खोलीचं फुगलंय, चौकटीला घासतं. त्या दाराच्या आतल्या अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा काळसर गुळगुळीत डाग आहे. ह्यांना विचारलं. असू दे, जुना आहे, म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

समोरच्या काकू साखर मागायला म्हणून आल्या आणि तासभर बसल्या. ह्यांची आधीची बायको फार आजारी असायची. संध्याकाळ झाली की त्या दारावर हात टेकून उभी राहायची, ह्यांची वाट बघत. गेलीसुद्धा तशीच, उभ्या उभ्या. लाकडाचीसुद्धा सवत नसावी गं बाई, असं म्हणून काकू हसल्या. मीही हसले. साखर मात्र सपाट वाटीच दिली.

बुधवार
सुतारमामा आले. मजुरी ऐकून मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. शेवटी रंधा आणि पटाशी भाड्याने ठेवून घेतली आणि काम कसं करायचं ते विचारून घेतलं. भुसा सरसात कालवायचा, भेगेत दाबून भरायचा, वाळला की घासायचा. जाताना बजावून गेले की ज्या दाराचा भुसा त्याच दारात भरा, एकाचा दुसऱ्यात घालू नका, मेळ बसत नाही. लाकूड ते लाकूड, मेळ कसला?

शुक्रवार
सकाळी कामावर निघताना ह्यांनी त्या डागावर हात ठेवला. झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. माझ्या डोक्यावर कधी ठेवला नाही.

हे गेल्यावर आतलं दार रंधून काढलं. मग पॉलिश पेपर घेतला आणि डाग घासला, पांढरं लाकूड दिसेपर्यंत घासला. देवा, क्षमा कर, पण बरं वाटलं. परातभर भुसा निघाला. टाकून देणं जिवावर आलं. तोच सरसात कालवून बाकीची तिन्ही दारं भरून टाकली.

रविवार
दारं नव्यासारखी झाली. हे बाहेरून आले, तर कडी वाजवायच्या आधीच पुढचं दार उघडलं. वारा असेल. हे उंबऱ्यात उभे राहून इतकं गोड हसले की मी लाजले.

मग लक्षात आलं, मी तर चुलीपाशी होते. त्यांना दिसतही नव्हते.

मंगळवार
स्वयंपाकघराचं दार ह्यांच्यासाठी आपसूक उघडतं. माझ्यासाठी अडतं. आज हातात ताटं घेऊन बाहेरच ताटकळले. हे आतून सहज आले आणि गेले.

प्रत्येक दाराला खांद्याच्या उंचीवर डाग पडलाय. पुसून जात नाही. ह्यांना दाखवला तर म्हणाले, बरं वाटतं, आता घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

मग मी कोण?

गुरुवार
परत घासले. भुसा कोमट लागतो हाताला.

सुतारमामा हत्यारं न्यायला आले. कुठला भुसा कुठे घातला ते सांगितलं. चहाला थांबले नाहीत. मला पुन्हा बोलावू नका, म्हणाले. रंधा घेतला, पटाशी राहूनच गेली.

शुक्रवार
हे आज लवकर आले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. माझ्यासाठी नव्हे. पुढच्या दाराला गाल टेकवून दिवसभराचं सगळं सांगत बसले. दार करकरत होतं. हुंकार दिल्यासारखं.

मी जेवायला बोलावलं. ऐकू आलं नाही त्यांना.

शनिवार, दुपार
पटाशी घेऊन आतल्या खोलीत आले. तिचं मूळ दार आधी फोडायचं, मग बाकीची. नामस्मरण केलं आणि वळले, तर — दार लागलं. कडी नाही ह्याला. तरी उघडेना.

काकूंना हाका मारल्या. कुणी येत नाही.

घाव घातला. लाकूड मऊ — पटाशी आत गेली ती आतच राहिली. डाग पुन्हा आलाय. माझ्या खांद्याच्या उंचीवर. ढकलायला तिथेच हात टेकला, आणि तो अगदी बेतून केल्यासारखा —

उजवा हात निघत नाही. वही उजव्या कोपराने दाराशी दाबून धरून डाव्याने लिहितेय.

पुढचं दार उघडलं. हे आले.

हाका मारतेय. ऐकू जातंय का — चपला इकडेच — थांबले. बाहेरून हात ठेवलाय त्यांनी, बरोबर माझ्या हातासमोर. लाकडातून ऊब येतेय. इतक्या मायेने कधी —

जोर लावून ओढला तर सुटेल कदाचित. कातडं जाईल, पण सुटेल. सोडला तर ही जागा पुन्हा तिची.

नाही सोडणार.

काहीतरी म्हणतायत. हळू. नाव घेतायत. हिने करकर थांबवली तर नीट ऐकू येईल — कुणाचं घेतलं — माझं की —