शाळेला बादली मिळावी म्हणून

ता. वेल्हे, जुलै १९७१

तीर्थस्वरूप आक्का हिला धाकट्या गेनूचा दंडवत, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या दाजींना रामराम. (दाजी, मागच्या पत्रातली आमच्या म्हशीची हकिकत तुम्ही निम्मी गाळलीत, असे आक्का म्हणाली. हे पत्र अख्खे वाचा.) आक्का, तुझा गुडघा कसा आहे? नदीकाठची हवा ओली, त्यात तू चिखलात उतरतेस, तेव्हा तेल चोळत जा. इकडे सर्व क्षेम, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. तसे काही नाही. आपल्या वाडीच्या शाळेला कुलूप लागले आहे, आणि ते माझ्यामुळे लागले आहे.

झाले असे, की उन्हाळ्यात शाळा समितीची बैठक बसली. रखमाजी अध्यक्ष, कारण सतरंजी त्यांची. ओव्हाळ गुरुजींनी सांगितले, की पोरांसाठी पावडरीचे दूध येते, पण कालवायला भांडे नाही. (तोवर ते रखमाजींच्या गोठ्यातल्या घमेल्यात कालवत, आणि दुधाला पेंडीचा वास असतोच, अशी पोरांची समजूत झाली होती.) ठरले, की आसपासच्या शाळांत काय काय आहे ते कुणीतरी बघून यावे आणि तुलना करून वर अर्ज धाडावा. सातवी पास मी एकटा, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. खरे म्हणजे मीच मान पुढे केली. धुतलेले धोतर नेसून मी दौऱ्यावर निघालो. वेल्ह्याच्या शाळेत पितळी घंटा, भिंतीवर घड्याळ आणि गुरुजींना हाताची खुर्ची. पानशेतकडच्या शाळेत तर पृथ्वीचा गोल होता; तो मी इतका फिरवला, की तिथल्या बाईंनी मला पोरांच्यात खाली बसवले. दोन्हीकडे दाराशी चकचकीत बादली. आपली शाळा चावडीत, फळ्याचा रंग गेलेला, पाऊस आला की पहिली ते चौथी सगळी एका कोपऱ्यात, आणि घंटा म्हणजे गुरुजींची हाळी. एवढे सगळे मी बरोबर टिपले. पण हेच गुरुजी सकाळी दारोदार फिरून, शेणात हात घातलेल्या पोरींना हात धुवायला लावून शाळेत नेत, हे तुलनेत धरायचे मला सुचलेच नाही. आमची अंजना चौथीत पोचली ती त्यांच्यामुळे. तिच्या आईने किंवा मी त्यासाठी काडी हलवलेली नाही. तुलना करायची म्हणजे आपले उणे तेवढे सांगायचे, असे मी धरून चाललो.

मग अर्ज. आपल्याकडे बारडी म्हणतात, पण वरच्या हापिसाला बारडी काय कळणार, म्हणून शुद्ध भाषेत बादली लिहायचे ठरवले. मजकूर असा: 'इतर शाळांशी तुलना करता आमचेकडील स्थिती शोचनीय असून मुलांचे आरोग्यास धोका आहे. सबब गुरुजींस त्वरित बादली मिळावी.' माझे अक्षर तुला ठाऊकच आहे. लफ्फा मारल्याशिवाय मला ओळ पुरी करता येत नाही. त्या लफ्फ्याच्या नादात 'बा'चा काना राहून गेला आणि बादलीची बदली झाली. खाली समितीच्या सह्या आणि अंगठे. बरे, मी तो अर्ज सगळ्यांना मोठ्याने वाचूनही दाखवला, पण मनात जे होते तेच वाचले. चावडीची कौले मागता मागता आमचे केस पिकले, तरी हापीस हलले नाही. या अर्जाचा निकाल मात्र पावसाच्या आत लागला.

हुकमावर 'ग्रामस्थांचे मागणीवरून' असे लिहिलेले. मी शेतात होतो. गुरुजींनी चावडी झाडून काढली, किल्ली रखमाजींच्या हातात दिली आणि कुणाशी न बोलता ते एसटीत बसले. आधीच्या एका गावात त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत, हे त्यांनीच एकदा आमच्या ओट्यावर बसून सांगितले होते. आपल्याकडे ते कुणाच्याही पंगतीला बसत. आता याही गावाने अंगठे उठवून आपल्याला नको म्हटले, असेच त्यांनी धरले असणार.  मी हापिसात धावलो. म्हणालो, "सायेब, आमी बारडी मागितली हुती वो." साहेब म्हणाले, बादलीचे टेबल निराळे.

दुसरे मास्तर कधी येणार ते कुणी सांगत नाही. अंजना सकाळी पाटी घेऊन कुलपासमोर बसते आणि माझ्याशी बोलत नाही. तिची आई म्हणते, "आता काय, घाला पोरीला म्हसरांमागं." आणि शाळा उघडली नाही, तर तेच होणार आहे. गुरुजी तुमच्याच सारोळ्याच्या शाळेत आले आहेत, असे कळले. तेव्हा दाजी, त्यांना घरी चहाला बोलवा आणि खरे काय ते सांगा. मी स्वतःच आलो असतो, पण भातलावणीमुळे मुळीच सवड नाही.

सगळे काने दोनदा तपासून,
तुझा गेनू

ता. क. बदली रद्द व्हावी म्हणून गाव नवा अर्ज करणार आहे. तो मी लिहायचा नाही, असा ठराव झाला. रखमाजी म्हणाले, "गेनू, तू हात लावलास तर आख्ख्या गावाची बदली व्हायची."

ता. क. दुसरा. सवड नाही असे वर लिहिले, ते खोटे आहे. एवढे शेवटचे मी तुमच्या सारोळ्यातच, पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर बसून पेन्सिलीने लिहितो आहे. पत्र घेऊन आलेली अंजना तुमच्या दारात उभी आहे, पिशवीत तिचे कपडे आहेत. चौथी होईपर्यंत तिला ठेवून घ्या आणि गुरुजींच्या वर्गात बसवा. तुमच्या घरी यायचे तर शाळेवरून यावे लागते, आणि तिथून जायला माझे पाय उचलत नाहीत. परतीची एसटी येईपर्यंत मी इथेच आहे. गुरुजी आले तर त्यांचे पाय धरीन. नाही आले, तरी पोरीला माघारी धाडू नका.