सत्तेचाळीस नंबरची सायकल

ओस्टेंड, १२ मार्च १९८४

ती. आईंना लीव्हचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू फुटतं, म्हणून लिहिते. काल पहिल्यांदा शर्यत टीव्हीवर पाहिली. शेवटपर्यंत डोळे फाडून बसले, पण योरिस कुठेच दिसला नाही. खड्ड्यात पडला असेल, कुणाच्या लक्षातही आलं नसेल, असं काय काय मनात आलं. संध्याकाळी स्वारीचा फोन, हॉटेलात गरम पाण्यात बसलोय म्हणे!

मी कोळ्याची लेक. होडीला उशीर झाला तर काय करायचं ते मला ठाऊक आहे, सायकलींचं काही कळत नाही. तुम्ही आधी मामंजींच्या, आता मुलाच्या शर्यती बघत आलात. मलाही बघायला शिकवा ना. योरिसच्या संघाचा कॅप्टन विल्फ्रीद, त्याची बायको ग्रीट समजावते, पण तिला तरी किती पिडायचं?

बाबांनी कोळंबी पाठवलीय, आजच संपवा. माया असू द्या.

तुमची लीव्ह


औदेनार्दे, १५ मार्च

चि. सौ. लीव्ह हिस अ. उ. आ.

कोळंबी पोचली, तुझं रडगाणंही पोचलं. आता नीट ऐक. एका रंगाची जर्सी घातलेले सगळेच जिंकायला निघालेले नसतात. जिंकायचं कॅप्टनने, बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं. आपला योरिस राबणारा. पाणी आणायचं, कॅप्टनच्या पुढे राहून वाऱ्याला आडवं व्हायचं. तो आणि विल्फ्रीद एका मापाचे, म्हणून विल्फ्रीदचं चाक गेलं की आपली सायकल त्याला द्यायची आणि स्वतः कडेला उभं राहायचं. टीव्हीवर शर्यतीचा शेवटच दाखवतात, तोवर त्याचं काम संपलेलं असतं. दिसला नाही तर देवाचे आभार मान.

चिखलात सगळे चेहरे सारखेच. सायकलीला सीटखाली नंबरची पट्टी असते, ती बघ. पुढच्या शर्यतीत त्याचा नंबर सत्तेचाळीस. बघायला गेलीस तर चढावर थांब, तिथे ते हळू येतात. उताराच्या वळणावर मुळीच थांबू नकोस. कुणी पडलंच तर किंचाळायचं नाही, पुढे गेलेल्यांत आपला माणूस शोधायचा. मी शिकले, तू तर दर्यावरची आहेस.

जेवत जा, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

अल्बर्टीन


ओस्टेंड, २६ मार्च

ती. आईंना शि. सा. न.

योरिस धड आहे, हे आधी वाचा.

काल चढावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ग्रीट आणि मी वळणावरच थांबलो. पाऊस होता. उतारावरून घोळका आला आणि डोळ्यांदेखत ढीग झाला. एक सायकल माझ्या पायाशी येऊन आपटली. पुढचं चाक मोडलेलं, पट्टीवर सत्तेचाळीस. तुमचं सगळं शिकवणं विसरले, आई. किंचाळले. ग्रीटने मला कवटाळलं, तोंड पुसलं, धीर धर म्हणाली. त्या सायकलवरून पडलेल्या माणसावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. तिनेच मला आधार देत तिथवर नेलं.

तो विल्फ्रीद होता. थोडं आधी त्याचं चाक गेलं आणि योरिसने आपली सायकल दिली होती.

आई, मी हसले. आनंदाने, मोठ्यांदा. ग्रीटने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

विल्फ्रीद अजून डोळे उघडत नाही. योरिस भिंतीकडे तोंड करून पडलाय, पण रविवारी पुन्हा निघणार म्हणतो. मला भीती वाटते. ग्रीटला तोंड कसं दाखवू?

लीव्ह


औदेनार्दे, २८ मार्च

चि. सौ. लीव्ह हिस आशीर्वाद.

आजच इस्पितळात जा. माफी मागत बसू नकोस, गरम सूप ने आणि तिच्याशेजारी बस. हाकललं तर दाराबाहेर बस. उद्या पुन्हा जा.

आणि पोरी, तुझे सासरे आता चढवत नाही म्हणून शर्यतींतून कायमचे उतरले तेव्हा मी देवाचे आभार मानून मेणबत्ती लावली होती. लेकाने तीच वाट धरली तेव्हा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. तुला एवढे धडे दिले, पण मी आजवर एकही शर्यत पुरती पाहिलेली नाही. टीव्ही लावते आणि त्याच्याकडे पाठ करून बटाटे सोलत बसते. सगळं संपलं की शेजारीण खिडकीवर टकटक करते, तेव्हा कुठे वळते.

रविवारी इकडे ये. मला एकटीला बसवत नाही.

तुझी आई