रक्तातला वरचा कापूस

३ नोव्हेंबर
ल्युपसला आज आठ महिने. आपल्याच रक्तानं आपल्यावर उठायचं, असा हा आजार. घाबरलेलो नाही. वर्ध्याच्या डॉक्टर नंदिनीबाईंनी अभ्यासासाठी दर महिन्याला एक नळी रक्त मागितलं. प्रोटीन न बनवणारा कुठलासा आरएनए त्यात मोजणार. आजार आत किती चाळवला, त्याची चुगली तो करतो का, ते पाहायचंय म्हणे. स्वतः काम करत नाही, पण खबर सगळी. असे चार जण आमच्या आर्वीच्या कापूस बाजाराच्या यार्डात रोज चहाला बसतात. सही ठोकली. कागद वाचला नाही. आपण माणूस पाहून सौदा करतो.

९ नोव्हेंबर
यार्डातल्या टपरीमागून व्यापारी प्रभाकरराव ऐकू आले. कान तिखट आहेत माझे. या अडत्याचं, म्हणजे माझं, तोंड सुजलं, याचं आता काही खरं नाही, म्हणत होते. सूज ल्युपसवरच्या स्टिरॉइड गोळ्यांची. गोळ्या आजपासून बंद. भिऊन नाही, धंद्यासाठी.

२१ नोव्हेंबर
चेहऱ्याची सूज उतरली. सकाळी बोटं वळत नाहीत. थंडी. रुख्मिणीनं विचारलं, गोळी घेतली काय. घेतली म्हटलं. बायको नवऱ्याचं तोंड पाहूनच ओळखते म्हणतात. आमची नाही ओळखत. गोळ्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात.

२८ नोव्हेंबर, सकाळी ७
सोमवारी रक्त. तो आरएनए सगळं सांगेल ही धास्ती. जेवण जात नाही. पण हमालीपासून अडतीपर्यंत उगाच नाही आलो. गाडीत वर कोरडा कापूस, खाली वजन वाढवायला पाणी मारलेला. मी कोपरापर्यंत हात खुपसून पकडतो. या वेळी थर आपणच लावायचा. चार दिवस गोळ्या बरोबर घ्यायच्या, नमुना झकास, मग पुन्हा बंद. रक्तात कोण हात खुपसणार?

१ डिसेंबर
नळी दिली. बाईंनी पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला. एसटीत बसून बसून, असं सांगितलं. लघवीही मागितली. दिली. ती कोण पाहतं.

२ डिसेंबर
बाईंचा फोन. लघवीत प्रोटीन. किडनीला धक्का. उद्याच भरती व्हा. मी विचारलं, नळी तर चांगली निघाली असेल. म्हणाल्या, ती फ्रीझरमध्ये आहे. सगळ्यांच्या नळ्या दोन वर्षांनी एकदम तपासणार. तिच्यावर नाव नाही, नुसता नंबर, आणि तुमच्या औषधपाण्याशी तिचा संबंध नाही. तुम्ही सही केलेल्या कागदात पहिल्याच पानावर आहे.
गोधडी ओढून बसलो. थंडी. नाही, थंडी नाही.

४ डिसेंबर, वॉर्ड
रुख्मिणीला पाकीट सापडलं. भांडली नाही. त्यानं जास्त धडकी भरली. नर्स गोळी देऊन गेली. गिळली म्हणालो.
"जीभ वर करा," रुख्मिणी म्हणाली.
केली. खरंच गिळली होती.
"मंग त्या गोळ्या काऊन लपवल्या?"
धंदा, प्रभाकरराव, सुजलेलं तोंड, कारणं तयार होती. निघालं भलतंच. "भेव लागते मले."
"मले काय कमी लागते?"
सरकून तिला खाटेवर जागा दिली. पुढची गोळी दोनला.