ओढणीतून गाळलेलं पाणी

१२ एप्रिल
हिमायतनगरच्या पुढच्या जंगलात जाळरेषेचं काम. वणवा पुढे सरकू नये म्हणून पट्ट्यातलं गवत काढायचं. सोबत वनमजूर मारोतीकाका. वनरक्षक मी, पण हे जंगल मला त्यांनीच दाखवलं.
पाण्याचा कॅन गाडीवरून पडून फुटला. नाल्याच्या डोहात हिरवट पाणी थोडं होतं. ओढणीची चार पदरी घडी डब्याच्या तोंडाला बांधली, गाळलं. स्वच्छ दिसलं. काका म्हणाले, उकळू का? एप्रिलात जंगलात जाळ कसा करू द्यायचा. "गाळलंय काका, प्या." काका दोन तांबे प्यायले.
मी माझ्या बाटलीतलं. अर्धी होती. पाठ फिरवून प्याले. का ते...

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीसाठी निळी साडी काढून ठेवलेली. सकाळीच काकांच्या बायकोचा, गंगाबाईंचा फोन. काल दुपारपासून जुलाब, उलट्या. नांदेडला नेऊन राहिले. साडी परत ठेवली.

१६ एप्रिल
नांदेड. काकांना सलाईन. लघवी बंद होती, आज थोडी झाली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं? सांगितलं. म्हणाले, कापडात गाळ राहतो, जंतू नाही. उकळायला हवं होतं.
मला ठाऊक होतं. बाहेर येऊन उपमा खाल्ला. पूर्ण खाल्ला.

१९ एप्रिल
काका थोडं बोलले. गंगाबाईंनी मला विचारलं, "म्याडम, तुमी बी तेच पाणी पिल्या न्हवं? तुमाला कसं काई झालं न्हाई?"
काका डोळे मिटूनच म्हणाले, "त्या बी पिल्या. तरणं अंग हाय, पचलं."
म्हणजे बाटलीतलं पिताना बघितलं होतं त्यांनी मला.
गंगाबाईंनी त्यांच्यातला अर्धा चहा मला दिला. घेतला. रडू येईल वाटलं होतं. नाही आलं.

२४ एप्रिल
काका घरी. महिनाभर काम नको, डॉ. म्हणतात. मी एकटीच रेषेवर. उकळलेलं पाणी दोन कॅन नेलं, बरंचसं तसंच परत आणलं. तहान लागत नाही.
संध्याकाळी काकांचा फोन. सोमवारी येतो म्हणतात, घरी बसवत नाही. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी माझ्या बाटलीत..."
"वरच्या अंगाचं गवत राहिलंय का अजून?"
राहिलंय, म्हटलं.